जुन्या सीलिंग फॅनची मोटर तापते: कारण कसे शोधावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सुमारे वीस वर्षे वापरात असलेला १२०० मिलिमीटरचा सीलिंग फॅन तासाभर चालला की मोटरीच्या डब्यावर हात ठेववत नाही, वारा पूर्वीपेक्षा कमी लागतो आणि रेग्युलेटर बदलूनही फरक पडलेला नाही. आता कॅपॅसिटर बदलावा, मोटर रिवाइंड करून (आतली तांब्याची तार नव्याने भरून) घ्यावी की पंखाच काढून टाकावा, हे ठरत नाही. यांपैकी काहीही करण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे मोटर किती तापते एवढ्यावरून कारण कळत नाही. ती तापत असताना कोणत्या वेगाने फिरते आहे, हे सोबत पाहिले तरच शोधाला दिशा मिळते. तापलेला आणि मंद पंखा, तापलेला पण पूर्ण वेगाने फिरणारा पंखा आणि तापलेला पण नुसताच गुणगुणणारा पंखा या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगवेगळी निघतात.

आधी नेहमीचे तापणे आणि दोषाचे तापणे यांत फरक करू. या आकाराचा जुन्या धाटणीचा इंडक्शन मोटरीचा पंखा साधारण ७० ते ८० वॅट वीज घेतो आणि त्यातला अर्ध्याहून अधिक भाग मोटरीतच उष्णतेच्या रूपाने वाया जातो. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या पंख्याचा डबासुद्धा दोन-तीन तासांनी स्पष्ट गरम लागतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पंखा बंद करून पाती थांबल्यावर डब्यावर तळहात टेकवावा. हात आरामात राहत असेल, तर तापमान बहुधा पन्नास अंशांच्या आसपास असते. चटका बसून दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागत असेल, तर ते साठ अंशांच्या वर गेलेले असते आणि मग तपासणी करायलाच हवी. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो चकचकीत धातूवर थेट रोखू नये, कारण अशा पृष्ठभागावर तो खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. डब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर मोजमाप घ्यावे.

परंतु डब्याचे तापमान म्हणजे वाइंडिंगचे (आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचे) तापमान नव्हे. सीलिंग फॅनमध्ये बाहेरचा डबा रोटरसकट (मोटरीच्या फिरत्या भागासकट) फिरतो, तर तांब्याची वाइंडिंग आत स्थिर दांड्यावर बसवलेली असते. ती डब्यापेक्षा नेहमीच जास्त गरम असते. तिचे तापमान कळण्याचा एक सोपा आणि भरवशाचा मार्ग आहे, तो म्हणजे तांब्याचा विद्युत रोध, कारण तो तापमानाबरोबर वाढतो. रात्रभर बंद असलेल्या पंख्याचा रोध सकाळी मोजून ठेवावा आणि पंखा दोन-तीन तास रेग्युलेटरशिवाय पूर्ण वेगाने चालवून, बंद केल्यावर मिनिटाभराच्या आत तो पुन्हा मोजावा. मेन स्विच बंद करून आणि पंख्याचा खटकाही बंद ठेवून, बोर्डाच्या आत पंख्याकडे जाणारी फेजची तार आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला, तर शिडीवर न चढता हे मोजमाप मिळते. मल्टिमीटरचा एकदिश प्रवाह कॅपॅसिटरमधून जात नाही, म्हणून आकडा काही क्षणांत स्थिरावतो आणि तो फक्त रनिंग वाइंडिंगचा, म्हणजे पुरवठ्याला थेट जोडलेल्या वाइंडिंगचा असतो; दुसरी, स्टार्टिंग वाइंडिंग कॅपॅसिटरमागे असते. गरम रोधाला थंड रोधाने भागावे, आलेल्या गुणोत्तराने २३४.५ अधिक थंडपणीचे तापमान या बेरजेला गुणावे आणि गुणाकारातून २३४.५ वजा करावेत. उदाहरणार्थ, ३० अंशांना रोध २०० ओहम आणि चालल्यानंतर २४८ ओहम भरला, तर गुणोत्तर १.२४ येते, २६४.५ ला त्याने गुणल्यावर सुमारे ३२८ होतात आणि वाइंडिंगचे सरासरी तापमान साधारण ९३ अंश निघते.

हा आकडा वाचायचा कसा, ते वाइंडिंगच्या इन्सुलेशनच्या वर्गावरून ठरते. ‘ए’ वर्गाचे इन्सुलेशन १०५ अंशांपर्यंत, ‘ई’ वर्गाचे १२० पर्यंत आणि ‘बी’ वर्गाचे १३० पर्यंत टिकावे अशी अपेक्षा असते. जुन्या पंख्यावर वर्ग छापलेला नसेल, तर तो ‘ए’ धरून चालणे शहाणपणाचे. वर काढलेले ९३ अंश हे सरासरी तापमान आहे आणि कॉइलच्या गाभ्यातला सर्वांत गरम भाग त्याहून काही अंशांनी वर असतो, म्हणजे अशी मोटर मर्यादेच्या आत असली तरी तिच्याजवळ फार मोकळीक उरलेली नाही. मर्यादेच्या वर प्रत्येक दहा अंशांना इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा वाइंडिंगच्या कामातला जुना आडाखा आहे. म्हणूनच ‘तापतो पण चालतो आहे ना’ असे म्हणून महिनोन्महिने तसाच ठेवलेला पंखा शेवटी कॅपॅसिटरच्या किरकोळ खर्चाऐवजी पूर्ण वाइंडिंगचा खर्च मागतो.

आता वेगाकडे वळू. मोटरीतले चुंबकीय क्षेत्र एका ठरलेल्या वेगाने फिरते आणि रोटर त्याच्या थोडा मागे राहतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १४ पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरीत क्षेत्राचा वेग मिनिटाला सुमारे ४२८ फेरे असतो आणि चांगला पंखा साधारण ३५० ते ३८० फेऱ्यांच्या दरम्यान फिरतो. रोटरला मिळणाऱ्या शक्तीपैकी जेवढा हिस्सा स्लिपचा, तेवढा थेट उष्णता होऊन रोटरमध्ये जातो. पंखा मंदावला की हा हिस्सा वाढतो, आणि मोटरीला थंड ठेवणारी हवा तिच्याच फिरण्यातून मिळत असल्यामुळे त्याच वेळी ती हवाही कमी होते. वेग मोजण्यासाठी एका पात्याच्या टोकाला पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवावी, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करावे, खऱ्या वेळेतल्या दहा सेकंदांत किती फेरे झाले ते मोजावे आणि सहाने गुणावे. मोजताना रेग्युलेटर मार्गातून काढलेला असावा, नाहीतर मोटरीचा दोष आणि रेग्युलेटरचा दोष एकमेकांत मिसळतात.

पंख्याला हात लावण्यापूर्वी खटका बंद करणे पुरेसे नाही. खटका चुकून न्यूट्रलवर बसवलेला असला तर तो बंद असूनही पंख्यात फेज राहते, म्हणून एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री करावी आणि कॅपॅसिटरची दोन टोके इन्सुलेटेड पकडीच्या स्क्रूड्रायव्हरने एकदा जोडून त्यातला साठा रिकामा करावा. शिडी धरायला दुसरे माणूस हवेच. वर चढलाच आहात तर पंखा ज्या बोल्टवर टांगला आहे तो आणि त्यातली स्प्लिट पिनही पाहून घ्यावी. तापण्याशी तिचा संबंध नसला, तरी वीस वर्षांत तिच्याकडे कोणी पाहिलेले नसते. जळका वास येत असेल, डब्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील किंवा पंखा सुरू करताच आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) पडत असेल, तर पुढचे कोणतेही प्रयोग न करता पंखा पुरवठ्यापासून तोडून कारागिराकडे द्यावा.

आपला पंखा तापलेला आणि मंद या प्रकारात मोडतो, म्हणून त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहू. पहिली चाचणी हाताची. वीज तोडून पात्याला बोटाने हलका धक्का द्यावा. चांगला पंखा कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहतो आणि थांबताना हळूहळू थांबतो. दोन-चार फेऱ्यांतच अडल्यासारखा थांबला, किंवा प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी जड झाला, तर दोष यांत्रिक आहे. मोकळा फिरत असूनही विजेवर मंद चालत असेल, तर कॅपॅसिटर आणि वाइंडिंगकडे पाहावे. मिनिटाभराची ही चाचणी न करता थेट कॅपॅसिटर बदलण्याचा प्रघात आहे आणि त्यामुळे आवळलेल्या बेअरिंगचे पंखे नवा कॅपॅसिटर लावून तसेच तापत राहतात.

कॅपॅसिटर, ज्याला बहुतेक लोक कंडेन्सर म्हणतात, तो या पंख्यांत सर्वांत आधी म्हातारा होणारा भाग. तो स्टार्टिंग वाइंडिंगच्या मालिकेत असतो, पण नावावरून वाटते तसा फक्त सुरुवातीपुरता नव्हे, तर पंखा चालू असेपर्यंत सतत कामात असतो. आतल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा अत्यंत पातळ थर असतो. एखाद्या जागी छेद गेला की तेवढा थर जळून बाजूला होतो आणि कॅपॅसिटर बंद न पडता पुढे चालू राहतो. ही सोय चांगली आहे, पण प्रत्येक वेळी क्षमता कणभर घटते, आणि वर्षानुवर्षे असे होऊन २.५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर १.८ किंवा १.५ वर येतो. त्यावर सूज नसते, डाग नसतो, तो बाहेरून अगदी धड दिसतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. एक तार सोडवून, साठा रिकामा करून, क्षमता मोजणाऱ्या मल्टिमीटरने तो मोजावा आणि छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक घट दिसली तर बदलावा. क्षमता घटली की स्टार्टिंग वाइंडिंगचा वाटा कमी पडतो, फिरणारे क्षेत्र असमतोल होते, स्लिप वाढते आणि पंखा मंद व गरम होतो. आपण दिलेल्या वर्णनाशी हे चित्र अगदी जुळते.

नवा कॅपॅसिटर घेताना त्याच क्षमतेचा आणि ४४० व्होल्ट एसीचाच घ्यावा. पुरवठा २३० व्होल्टचा असला तरी चालत्या पंख्यात कॅपॅसिटरच्या टोकांवर त्याहून बराच जास्त विजेचा दाब (व्होल्टेज) येतो, त्यामुळे कमी व्होल्टचा कॅपॅसिटर लवकर दगा देतो. आणि येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: वारा वाढावा म्हणून २.५ च्या जागी ३.१५ किंवा ४ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बसवू नये. वेग थोडा वाढतो, त्यामुळे बसवणाऱ्याला आणि घरच्यांनाही समाधान वाटते, परंतु स्टार्टिंग वाइंडिंगची तार ज्या प्रवाहासाठी निवडलेली नाही तो प्रवाह तिच्यातून रोज तासन्‌तास जाऊ लागतो. जुन्या पंख्यात आधी कोणी असा बदल करून ठेवला आहे का, हे कॅपॅसिटरवरचा आकडा पंख्यावरच्या माहितीच्या पट्टीवरील आकड्याशी ताडून पाहावे. पट्टी पुसट झाली असेल तर त्याच कंपनीच्या त्याच आकाराच्या पंख्याचा आकडा विचारावा.

पंखा सुरूच होत नसेल आणि नुसता गुणगुणत असेल, तर कॅपॅसिटर एकतर आतून तुटलेला असतो किंवा शॉर्ट झालेला असतो. तुटलेला असेल तर हाताने ढकलल्यावर पंखा ज्या दिशेला ढकलला त्या दिशेला फिरू लागतो. शॉर्ट झालेला असेल तर स्टार्टिंग वाइंडिंगवर पूर्ण दाब येतो आणि मोटर काही मिनिटांत भाजण्याइतकी तापते. दोन्ही स्थितींत खटका तत्काळ बंद करावा, कारण स्थिर उभ्या रोटरला मिळणारी सगळी शक्ती उष्णतेतच जाते.

बेअरिंगचा दोष वेगळ्या प्रकारे बोलतो. बहुतेक पंख्यांत ६२०१ किंवा ६२०२ अशा क्रमांकांची झाकलेली बॉल बेअरिंगे असतात. त्यांतले ग्रीस उष्णतेने वाळून तपकिरी, मेणासारखे घट्ट होते. काढलेले बेअरिंग दोन बोटांत धरून बाहेरचा कडा फिरवला तर नवे बेअरिंग रेशमासारखे फिरते, तर वाळलेल्यात बारीक खरखर बोटांना जाणवते. मग एक दुष्टचक्र सुरू होते: घर्षण वाढल्याने वेग उतरतो, वेग उतरल्याने मोटर तापते आणि तापल्याने उरलेले ग्रीसही वाळते. झाकलेल्या बेअरिंगमध्ये फटीतून तेल सोडण्याचा किंवा गंज काढणारा पातळ स्प्रे मारण्याचा उपाय करू नये. तो शिल्लक ग्रीस विरघळवतो, चार दिवस पंखा छान फिरतो आणि नंतर आवाज पहिल्यापेक्षा वाढतो. वर ओघळलेले तेल वाइंडिंगवर बसून धूळ धरते ते वेगळेच. बेअरिंग बदलावे, आणि बदलणाऱ्याने ते पुलरने काढून समतोल दाबाने बसवावे. दांड्यावर घट्ट बसवताना दाब आतल्या कड्यावर आणि झाकणाच्या खोबणीत बसवताना बाहेरच्या कड्यावर द्यावा. हातोडीने उलट कड्यावर ठोकलेले बेअरिंग नवे असूनही खळगे पडून महिनाभरात वाजू लागते.

बेअरिंगची बैठकच झिजलेली असेल तर प्रकरण अधिक गंभीर होते. रोटर आणि स्टेटर (वाइंडिंग बसवलेला स्थिर भाग) यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते, त्यामुळे थोडा झोल आला तरी रोटर स्टेटरला घासू लागतो. झाकण उघडल्यावर पत्र्याच्या थरांवर एका बाजूला घासून चकाकलेला पट्टा दिसला, तर हेच घडले आहे असे समजावे. अशा वेळी केवळ बेअरिंग बदलून भागत नाही, झाकणही बदलावे लागते.

पूर्ण वेगाने फिरूनही पंखा फार तापत असेल, तर कारणे वाइंडिंगमध्ये किंवा पुरवठ्यात शोधावीत. पुरवठ्याचा दाब सतत २५० व्होल्टच्या वर राहत असेल, तर लोखंडी गाभा चुंबकीय दृष्ट्या भरून जातो आणि प्रवाह झपाट्याने वाढतो. स्वस्त भरणी करताना मूळपेक्षा कमी वेढे घातलेल्या मोटरीतही नेमके हेच होते. पंखा पूर्वी रिवाइंड झालेला असेल आणि तेव्हापासूनच तापत असेल, तर वेढ्यांची संख्या आणि तारेचा गेज यांवर माझा पहिला संशय जातो. वेढे आपसांत शॉर्ट झाले असतील तर मोटरीच्या तीन तारांचे रोध मोजावेत: दोन-दोन तारांमधल्या तीन मोजमापांपैकी सर्वांत मोठे हे उरलेल्या दोघांच्या बेरजेइतके असायला हवे. ते तसे नसेल तर जोडणी किंवा वाइंडिंग बिघडलेली आहे. मात्र बेरीज जुळली म्हणून वाइंडिंग निर्दोष ठरत नाही, कारण मोजके वेढे शॉर्ट झाले तर रोधात फारसा फरक दिसत नाही. त्यासाठी वॅटमीटर हवा. पट्टीवर ७५ वॅट लिहिलेला पंखा नेहमीच्या दाबाला ९५ किंवा १०० वॅट घेत असेल आणि कॅपॅसिटर व बेअरिंग ठीक असतील, तर वाइंडिंगच्या दोषाबद्दल शंका उरत नाही. तिन्ही तारा एकत्र करून त्या आणि दांडा यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशनही तपासावे. ते एक मेगोहमच्या खाली असेल तर तो पंखा वापरू नये.

रेग्युलेटर बदलून फरक पडला नाही असे आपण लिहिले आहे, तरी त्याच्याविषयी एक बाब सांगायला हवी, कारण ती फारशी बोलली जात नाही. पंखा मधल्या वेगावर पूर्ण वेगापेक्षा जास्त तापू शकतो, आणि तो दोष नाही. पंख्यावरचा हवेचा भार वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात बदलतो. त्याचा हिशेब मांडला तर रोटरमधली उष्णता, स्लिप एक तृतीयांश असताना, म्हणजे क्षेत्राच्या वेगाच्या दोन तृतीयांश वेगाला, सर्वाधिक भरते. १४ पोलच्या मोटरीत हा वेग मिनिटाला सुमारे २८५ फेरे येतो, म्हणजे नेमका दोन किंवा तीन नंबरचा वेग, ज्यावर आपण रात्रभर पंखा ठेवतो. त्यात रेग्युलेटर विजेची लाट कापणारा इलेक्ट्रॉनिक असेल, किंवा दिव्यासाठी बनवलेला डिमर पंख्याला लावलेला असेल, तर गुणगुण आणि ताप दोन्ही आणखी वाढतात. कॅपॅसिटरने टप्पे देणारा रेग्युलेटर या बाबतीत सौम्य असतो. चौकोनी लाट देणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरवरही पंखे असेच कुरकुरतात आणि तापतात. फक्त वीज गेल्यावरच ताप जाणवत असेल तर मोटरीला दोष देण्याचे कारण नाही.

बाहेरची कारणे लवकर उरकतात. डब्याच्या खाचांत साठलेली धूळ आणि जळमटे, पूर्वी रंग मारताना बुजलेल्या फटी, मूळच्या जागी बसवलेली दुसऱ्या पंख्याची रुंद किंवा जास्त वळणाची पाती, आणि छताला फार चिकटवून टांगलेला पंखा, हे सर्व मोटरीवर भार टाकतात किंवा तिची हवा अडवतात. पाती आणि छत यांच्यात निदान तीस सेंटिमीटर अंतर असावे. संशय असेल तर पाती काढून नुसती मोटर दहा मिनिटे चालवावी. तरीही डबा चटके देऊ लागला तर दोष आतच आहे.

आपल्या पंख्याबाबत मी याच क्रमाने जाईन: रेग्युलेटर वगळून वेग मोजणे, वीज तोडून हाताने फिरवणे, कॅपॅसिटर मोजणे, आणि या तिन्हींतून उत्तर न मिळाल्यासच मोटर उघडणे. केवळ कॅपॅसिटर किंवा बेअरिंग निघाले तर दुरुस्ती निःसंशय करावी, कारण वीस वर्षांपूर्वीच्या पंख्यातला तांब्याचा आणि पत्र्याचा ऐवज बहुधा चांगला असतो. वाइंडिंग गेली असेल आणि रिवाइंड करणारा मूळ वेढे मोजून, त्याच गेजच्या तांब्याच्या तारेने भरून, वार्निश करून भट्टीत सुकवून देणारा असेल, तर तोही खर्च योग्य आहे. वाइंडिंगबरोबर झाकणाची बैठकही झिजलेली असेल किंवा रोटरचे ॲल्युमिनियमचे कडे तडकलेले असेल, तर मी दुरुस्ती सुचवणार नाही. त्या स्थितीत नवा पंखा घ्यावा, आणि तो सुमारे ३० वॅटच्या बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी) मोटरीचा असेल तर जुना रेग्युलेटर मार्गातून काढून टाकावा, कारण त्या मोटरीचा वेग तिच्याच सर्किटमधून बदलला जातो. दुरुस्ती केली तर पंखा वर टांगल्यावर थंड आणि गरम रोधाचे मोजमाप पुन्हा एकदा घ्यावे, खोलीचे तापमान आणि फेऱ्यांची संख्या यांच्यासह ते एका चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी छताजवळच्या वाटीच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पुढे कधी पंखा तापल्याची तक्रार आली, तर तुलनेसाठी ते आकडे हाताशी राहतील.